योग्य पर्यायासमोर खूण करा

फॉर्म आलाय. वरून. शनिवारपर्यंत परत हवा.
प्रश्न अकरावा:
वर्गातील डिजिटल फळ्यामुळे मुलांचे शिकणे सुधारले का?
हो. नाही.
पुढे दोन चौकोन,
त्यांत एक मुंगीसुद्धा पाय पसरून बसणार नाही.

फळा आला तेव्हा बंदप्पाने नारळ फोडला.
पाणी उडालं ते उजव्या कोपऱ्यात, वर.
डाग अजून आहे. नकाशा लावला की
नेमका गोंदियावर येतो.
धूळ बसू नये म्हणून गुंडेटीच्या वडलांनी
कारखान्यातला टॉवेल दिला, सेकंड माल,
एका कडेचा धागा सुटलेला.
रोज सकाळी मी तो टॉवेल काढते
आणि एकेचाळीस पोरं गप्प होतात.
माझ्या येण्याने इतकी कधी झाली नव्हती.
हे कुठल्या चौकोनात लिहू?

म्याकलांची भाग्यरेखा घरी तेलुगू बोलते,
शाळेत दोन वर्षं काहीच बोलली नाही.
अपूर्णांकांचा व्हिडिओ तिने मधल्या सुट्टीत
एकटीने लावला,
थांबवला, मागे नेला,
थांबवला, मागे नेला.
मी दारात उभी राहून मोजलं. नऊ वेळा.
नवव्यांदाही फळ्यातल्या बाईंचा आवाज
पहिल्यांदासारखाच गोड.
माझा तिसऱ्या वेळेलाच चढतो,
एप्रिलात, पत्र्याखाली, दुसऱ्याच.

तर मग हो.
पेनचं टोपण काढलं मी.

पण त्या बाई कापत होत्या पिझ्झा.
आठ समान भाग, सुरीने, कणही न सांडता.
चाचणीत मी विचारलं,
एका भाकरीचे चार समान भाग करून दाखवा.
चाळीस पोरांनी गोल काढला,
गोलात अधिकचं चिन्ह. झालं.
भाग्यरेखाचा कागद कोरा.
जवळ बोलावलं, तर चपलेकडे बघत म्हणाली,
"बाई, आमच्यात कडक भाकरी असते.
ती मोडते तशी मोडते.
मोठा तुकडा नायनाला, त्याला रात्रपाळी.
चुरा अम्मा खाते."

दोन वर्षांत पहिल्यांदा बोलली,
आणि उत्तर चूक.
मार्क किती द्यायचे
हे फळ्यातल्या बाईंनी सांगितलेलं नाही.
मलाही ठाऊक नाही.
टोपण परत लावलं.

एकदा उपग्रहावरून सोलापूर दाखवलं.
सिद्धेश्वरचं तळं नखाएवढं,
बाकी सगळं विटकरी आणि राखाडी.
पोरं ओरडली, विडी घरकुल! विडी घरकुल!
पण घरं सगळी सारखी, ओळीने,
छाट न निघालेल्या विड्यांसारखी.
कुणालाच आपलं सापडेना.
"खाली चला ना बाई, अजून खाली,"
श्रीहरी पडद्यावर बोट दाबत राहिला.
छपरं फुटून नुसते रंगीत ठिपके झाले.
त्याने बोट काढलं, विचारलं,
"इथून पुढे चालत जाऊ या?"

आणि लाईट गेली.
काळ्या काचेत आम्ही सगळे दिसलो,
मी मागच्या बाकाजवळ, हातात रिमोट.
त्या दिवशी पोरांनी फरशीवर खडूने
आपापल्या गल्ल्या काढल्या.
पाण्याची टाकी, डेपो, लंगडं कुत्रं.
चार दिवसांनी येणाऱ्या पाण्याची रांगसुद्धा.
पण दिशा बरोबर होत्या सगळ्यांच्या,
उत्तर वर.
ती त्यांना मी शिकवली नव्हती.

आज शनिवार. शेटगार सर दोनदा येऊन गेले.
"बाई, कुठलंही एक करा,
खाली सही तीच लागते."
मधली सुट्टी. टॉवेल बाकावर पडलाय.
भाग्यरेखा फळ्यासमोर उभी,
पाठ माझ्याकडे.
"बाई, पुन्हा," म्हणाली.

कुणाला म्हणाली कोण जाणे.
फळ्यातल्या बाई लगेच सुरू झाल्या.
मी खडू शोधतेय.