वाकण

नागपूरहून आणलेली केबल
दीड वीत आखूड निघाली.
झिबलकाका हसले नाहीत. म्हणाले,
"सरळ मोजली असशीन.
वाकन कोन मोजते, पोरी?"

जुनी ओढून काढली खोळीतून.
ग्रीस वाळून काळं खापर झालेलं,
तारेचे तीन पदर तुटके,
बोटात शिरले, रक्त आलं.

दोन महिने गिअर अडत होता.
मागे घे म्हटलं की बोट आधी विचार करायची.
परवा धरणात, बुडालेल्या शाळेच्या वर,
लिव्हर मागे ओढला तरी
इंजिन पुढेच, पुढेच,
सोसायटीचं नवं जाळं पंख्यात गुंडाळत.

आता सुतळी घेतली.
लिव्हरपासून बाकाखालून
इंजिनाच्या मानेपर्यंत.
काकांनी इंजिन डावीकडे पूर्ण वळवलं,
मग उजवीकडे,
सुतळी कुठंच ताणली नाही
तिथं गाठ मारली
आणि गाठीवर थुंकी लावून दाबली.

पवनीच्या एसटीत
सुतळीचं वेटोळं मांडीवर.
मासळीचा वास येतो म्हणून
शेजारची बाई खिडकीकडे सरकलेली.
कंडक्टरनं तिकीट फाडताना विचारलं,
"काय मोजलं व्हय यानं?"

"बोट," मी म्हटलं.
"वळताना."