चतुःसीमा

पूर्वेस पाणी.
इथंच खाजामियाँचा बोरू थांबायचा.
पाणी मार्गशीर्षात चिंचेच्या बुंध्याला असतं,
वैशाखात मैलभर खाली जाऊन बसतं
रुसलेल्या जावयासारखं.
खरेदीखतात कोणतं लिहायचं?
पडक्या करोडगिरी नाक्याच्या ओट्यावर
तीस वर्षं अर्जनवीस म्हणून बसलेला माणूस,
शेवटी लिहायचा : पूर्वेस, जे असेल ते.

गाव कोळदरा. उंबरे एकशे चाळीस.
दोन डोंगर समोरासमोर,
काळा दगड पायऱ्यापायऱ्यांनी उतरलेला,
मधे चिंचोळी दरी, वाकडी, करंगळीएवढी.
तिच्यात एक नाला होता.
नकाशा उर्दूत, त्यावर नाव घोरनाला.
कुणी म्हणतं घोडा बुडाला होता,
कुणी म्हणतं रात्री नालाच घोरायचा.
नुक्ता कुठं होता, हे सांगणारा तलाठी
बदली होऊन गेला.

मग खाली, लांब, कुणीतरी भिंत बांधली
आणि पाणी उलटं चढत आलं,
जप्तीला आल्यासारखं,
एकेक घर मोजत.

साबणे गुरुजींनी सातवीच्या फळ्यावर
एकदा नॉर्वे काढला होता,
खडूचा, खाचाखाचांचा,
उंदरांनी कुरतडलेल्या भाकरीसारखा.
फिओर्ड, म्हणाले, डोंगरात शिरलेला समुद्र.
आम्ही हसलो. समुद्र कुणी पाहिला होता?
आमच्यात एकानं औरंगाबाद पाहिलं होतं.
पुढं पाणी शाळेच्या पायरीला लागलं
तेव्हा गुरुजी नव्हते.
फळा तेवढा गाडीत घालून आम्ही वर आणला,
वाटेत पुसला गेला.

इतिहास म्हणाल तर थोडा आहे, आणि ओला.
पोलीस ॲक्शनच्या साली
गावानं तीन रात्री ह्याच दरीत काढल्या,
पिठाची गाठोडी डोक्यावर, पोरांच्या तोंडावर हात.
दोन रात्री आमच्या भीतीच्या.
तिसरी खाजामियाँच्या घराची.
दोन रात्रींच्या गोष्टी अजून पारावर निघतात.
तिसरीचं नाव निघालं की
कुणीतरी बिडी पेटवतं.

बहात्तरला ह्याच दगडाची खडी झाली.
भूकंपाच्या पहाटे पाणी काठावरून एकदा उसळलं,
मांडणीवरची ताटं वाजली, बाकी काही नाही.
त्याच्या आधी केव्हातरी तेलंगणातून यलय्या आला,
खांद्यावर जाळं, तोंडात अर्धी हिंदी.
कोरडवाहू गावाला त्यानं मासा शिकवला.
नाव नव्हती. गुऱ्हाळ मोडलं होतं, काहील पडून होती.
केवळाबाई तीच पाण्यात लोटून बसली.
काहील जागच्या जागी गरगर फिरे,
काठावर माणसं हसून लोळत,
ती मधोमध, पदर खोचून, ओरडत होती,
"पवता येत न्हाई रं मला, फिरता येतंय नुसतं!"
दुपारपर्यंत तिनं चार रोहू आणले.
एक यलय्याला दिला, एक पोचम्मासाठी त्यानं मागितला.

चैत उलटला की जुनं गाव वर येतं.
आधी वेशीची कमान, मग मारुतीचं कपाळ,
मग घरांच्या चौकटींचे नुसते दगड.
गाळपेरीला ज्याची त्याला जागा माहीत असते,
खुणा लागत नाहीत.
केवळाबाई टरबुजं लावते आपल्याच स्वैपाकघरात.
चुलीच्या जागी वेल बरा धरतो, म्हणते, राख आहे खाली.

काल शहरातून एक माणूस आला.
त्याला काठावरचा तुकडा पाहिजे,
खिडकीतून पाणी दिसेल असा.
म्हणाला, पाणी नेमकं कुठवर येतं, सांगा.
खाजामियाँ वारले. ओट्यावर आता मी बसतो.
कागद काढला. उत्तरेस डोंगर. पश्चिमेस डोंगर.
दक्षिणेस काय, ते लिहायचं राहिलंच,
कारण तो टेपचं टोक माझ्या हातात देऊन
पूर्वेला चालू लागला होता,
बूट हातात, चिखलातून,
आणि जेठाचं पाणी
त्याच्या पुढं पुढं
सरकत होतं.