लोखंड काचेत हिरवं होतं

उद्यमबागेत एकतीस वर्षं पंपाची कवचं ओतली मी.
फाउंड्री बंद पडली,
साचे काढायची सवय तेवढी हातात राहिली.
मग तनुजा होनगेकर विचारत आली,
"मामा, जमिनीचा साचा काढता येईल?"

पंपाचा येतो, गिअरचा येतो,
एकदा देवळाच्या घंटेचाही काढला होता.
जमीन माणसं मोजतात, विकतात,
तिच्यावरून कोर्टात जातात.
साचा कशाला?

तरी गेलो. जांबोटीच्या अलीकडे
भात कापून नेलेलं शिवार,
गुळाच्या ढेपेसारखा घट्ट होत आलेला चिखल,
धसकटांच्या रांगा
आणि रांगा मोडून गेलेली एका म्हशीची चाल.
प्लास्टर कालवलं, ओतलं,
बांधावर बसून चहा प्यालो.
उचललं तर खड्ड्यांचे उंचवटे झालेले.

काच कॅम्पातल्या पाडलेल्या बंगल्याची,
जाड तावदानं, बुडबुडे असलेली.
त्यात तिनं त्याच शेताची माती
वस्त्रगाळ करून घातली.
तिला तो लाल हवा होता,
खानापूर रोडला ट्रकच्या मागे उठतो,
पाच धुण्यांनंतरही कॉलरीतून जात नाही, तो.

भट्टी विजेची.
वितळल्यावर चार दिवस हळूहळू निववायची,
बाळंतिणीसारखी, वारा न लागू देता.
दुसऱ्या रात्री करंट गेला.
हेस्कॉमचा फोन कुणी उचलेना.
भट्टीच्या दाराशी वाळूची पोती रचून
आम्ही अंधारात कान देऊन बसलो.
पावणेतीनला आतून आवाज आला,
बांगडी पिचते तसा.
एकच.

उघडलं तर कोपऱ्यापासून मध्यापर्यंत तडा,
आणि लाल कुठंच नाही.
हिरवं. खोल विहिरीत वाकून बघावं तसलं.
"मातीत लोखंड आहे," मी म्हटलं,
"बाहेर गंजून लाल, काचेत हिरवं."
ओतकाम्याला एवढं कळतं.
कधी गप्प बसावं, ते नाही कळत.
दोन दिवस तिच्या शेडला कुलूप होतं.

तिसऱ्या दिवशी शेताचा मालक बसलिंग आला,
प्लास्टरचे तुकडे शेतात टाकून गेलात म्हणून भांडायला.
भांडला. अर्धं कानडीत, अर्धं मराठीत,
शिव्या दोन्हीत.
मग खिडकीतल्या काचेपाशी थांबला.
बोट ठेवलं तडा संपतो त्याच्या जरा पुढे,
खुराच्या खळग्यात,
बाहेरचं नख वाकडं उमटलंय तिथं.

"नम्म एम्मी," म्हणाला.
आमची म्हैस.
संक्रांतीला विकली होती, संकेश्वरच्या बाजारात.

बोट काही तो काढेना.
तनुजा रंगाचं काहीतरी समजावून सांगणार होती,
मी डोळ्यानंच नको म्हटलं.
आणि काय बोलावं ते न सुचून विचारलं,
"दूध किती द्यायची?"

"दूध कुठलं ओ," तो म्हणाला,
"लाथा मारायची."