शेरा

दर दुसऱ्या बुधवारी किहीमकर नर्सबाई यायच्या
घोडपदेवच्या आमच्या म्युनिसिपल शाळेत.
हातात पेन्सिल. ती लिहायला कमी,
भांग उकलून लिखा बघायलाच जास्त.

आम्ही रांगेत, हात पालथे.
पुढची शेवंता नखं कुरतडून थुंकतेय,
मागची थुंकी लावून मळ उकरतेय,
आणि माझी बोटं कोळशाची.
उजाडायच्या आत बंदराच्या कुंपणाशी
वाघिणींतून सांडलेले तुकडे वेचायचे,
मग चूल, मग शाळा.

‘घरी साबण नाही?’
आहे. बाबांच्या सदऱ्यापुरता.
‘पाणी?’
रात्री तीनला येतं. सतरा बिऱ्हाडांत एक नळ.
मुली फिस्सकन हसल्या. मीही हसले,
हसायचंच असतं तेव्हा.

बाईंनी वही उघडली. दात, डोळे, खरूज, नखे.
नखांच्या रकान्यात, माझ्या नावापुढे
त्यांनी लिहिलं: नळ.
मला वाटलं, नख लिहिताना अक्षर चुकलं.

मग इनॅमलच्या तसराळ्यात माझे हात धरून
त्याच घासू लागल्या, कार्बोलिक साबणानं.
पाणी काळं होत गेलं तशी दिसली
त्यांची बोटं: पांढुरकी, सुरकुतलेली,
पेरावरच्या भेगेत रक्ताची बारीक रेघ.
इतकं स्वच्छ राहिलं की दुखत असेल,
असं मनात आलं. विचारलं नाही.

नळ तिसरीत आला नाही, चौथीतही नाही.
वही बदलली, नर्सबाईही.
नव्या बाईंनी लिहिलं: नखे अस्वच्छ.
अक्षर सुरेख होतं.