तळमजला, खोली नऊ

बेसिनमध्ये रोज सकाळी थोडं तांबडं.
नळ सोडला की जायचं वाहून.
कुणाला सांगितलं नाही,
सांगण्याजोगं काय होतं त्यात?
सासूबाई म्हणाल्या,
"पोटान पोर असला का हिरड्या सुजतान.
मिसरी लाव."
लावली.
तव्यावर जळलेल्या तंबाखूचा वास, बोट काळं,
आणि तासभर ठणका गप्प.

गोठिवलीच्या दवाखान्यात दर महिन्याला
वजन घेतलं, दंडाला पट्टा बांधला,
लोहाच्या गोळ्या दिल्या मोजून तीस.
पोटावर गार जेल,
पडद्यावर तू, अंगठा तोंडात.
माझं तोंड उघडायला कुणी सांगितलं नाही.
मीही मिटूनच बसले.

बत्तिसाव्या आठवड्यात, मंगळवारी,
भाकरी थापताना पाणी गेलं.
नळाचं नव्हे.
रबाळ्याच्या सिग्नलला रिक्षा थांबली नव्वद सेकंद,
ते लाल आकडे मी उलटे मोजले
शून्यापर्यंत.

आता तू काचेत.
पायाला पट्टी: योगिता मढवीचं बाळ.
एक किलो पाचशे ऐंशी.
काल वीस ग्रॅमनं उतरलीस,
आज बारा ग्रॅमनं चढलीस,
आणि मी बाराचा पाढा म्हणत जिने उतरले
तळमजल्यावर, खोली नऊ,
जिथं दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दिवा ओढून
पहिल्यांदाच आत पाहिलं.
"किती दिवस रक्त येतंय?"
मी बोटं मोजली. ती पुरली नाहीत.
"यानंच झालं, असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या,
"यानं झालंच नाही, असंही नाही."
मग खरवडत राहिल्या.
दुखलं. दुखतंय ते बरं वाटलं.

ते "असंही नाही" घेऊन चार मजले चढले.

सासूबाईंनी मिसरीची डबी कुठे टाकली
मी विचारलं नाही.
त्या काही बोलल्या नाहीत.
काल मात्र धाकट्या दिराकडून मऊ ब्रश मागवले,
दोन.

दुपारी तीनला तुला छातीशी बांधतात,
उघड्या कातडीला उघडी कातडी,
वरून माझाच जुना दुपट्टा.
तू जांभई देतेस.
आत सगळं गुलाबी, कोरं,
अजून काहीच न उगवलेलं.
मी मान वाकवून पाहते,
पुन्हा पाहते.
नर्स म्हणते, "बाई, तिची मान सांभाळा."
सांभाळते.