भरड दगड

तेराशे सहासष्ट गुणिले सातशे अडुसष्ट.
येरेवानला सेकंडहँड घेतला तेव्हा
विकणाऱ्यानं हा आकडा सांगितला नाही
आणि मीही विचारला नाही.
पैसे तेवढेच होते.

वर मेनू, खाली टर्मिनल,
मधे एकतीस ओळींची फट.
बत्तिसावी लिहिली की पहिली विसरायची.
अर्धविराम आणि अपूर्णविराम जुळे भाऊ.
एल कुठला, एक कुठला, ओळखायला
नाक पडद्याला लावते;
नोव्हेंबरात पडद्यावर वाफ धरते.

रॉटरडॅमचा योस्ट
एका दमात एकशे चाळीस अक्षरांची ओळ लिहितो.
त्याचा मॉनिटर भिंतीएवढा.
त्याच्या कोडात तीन दिवस मी एक चूक शोधत होते.
ती उजव्या काठापलीकडे बसलेली,
सत्त्याण्णवाव्या घरात, एकच उद्गारचिन्ह.
दृष्टीआड सृष्टी म्हणतात.
माझ्या दृष्टीआड नुसतं एक 'नाही' होतं.

खालच्या मजल्यावर म्हातारा मिसाक थडग्यांचे दगड कोरतो.
रविवारी वीज गेली तसा चहा घेऊन वर आला,
माझ्या पडद्याच्या उजेडात बसला.
चष्मा कपाळावर सारून
अक्षरांच्या पायऱ्या पाहत राहिला, बराच वेळ.
म्हणाला, "वार्सेनिक, तुझाही दगड भरडच की गं."

ग्युमरीचा दगड काळा, भोकाभोकांचा.
बारीक रेघ धरत नाही, कडा झडतात.
आडनाव लांब असलं की छिन्नी अडखळते.
"मग काय करता?"
"घरच्यांना विचारतो,
यातलं काय काढलं तरी माणूस तोच राहील?"

त्या रात्री योस्टचं दोनशे ओळींचं फंक्शन उघडलं
आणि त्याला तेच विचारत बसले.
पहाटेपर्यंत सात तुकडे झाले.
प्रत्येकाला नाव,
एकही तिशीपार नाही.
आठवा होता,
पण त्याला कुणी हाकच मारत नव्हतं.
कधीपासून, कोण जाणे.

योस्टनं लिहिलं: छान. पण इतकं तुटक का?
मी लिहिलं: इथं थंडी फार,
आम्ही खिडक्या लहान ठेवतो.

हे त्याला पटलं.
मला अजून नीट पटलेलं नाही.
डिसेंबरात बोनस आला तर मोठा पडदा घेणार आहे,
आणि मिसाकही परवा फोनवर
कुणाला तरी बेसॉल्टचा भाव विचारत होता,
हळू आवाजात.