चार सूत

फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं.
जाळी डाव्या कोपऱ्यात.
पाणी उजवीकडं निघालं,
उंबऱ्याशी क्षणभर अडखळलं
आणि पाहुण्यासारखं सोप्यात आलं.

संताजी वरुटे उकिडवा बसून बघत होता.
"काका, नवी फरशी हाय," म्हणाला,
"पाण्याला बी जरा सवय लागू दे की."

उद्यमनगरात एकतीस वर्षं मी पॅटर्न केले, सागवानात.
लोखंड थंड होताना किती आटेल
ते आधीच लाकडात धरायचं,
केसाएवढ्या फरकासाठी रंधा पुन्हा लावायचा.
मी लेव्हल आणून मोरीच्या मधोमध ठेवली.
बुडबुडा सरळ जाळीकडं पळाला.
जाळी कुठं आहे
हे ह्या घरात त्या एकट्यालाच ठाऊक.

"चार सूत. उलटा उतार."
"चार सूत म्हंजे काय ओ, मुंगीचं पाऊल."

पाच दिवसांचं काम. आज एकोणचाळिसावा.
शनिवारी फोनवर, "वाटंवरच हाय,"
आणि मागं म्हशी हंबरत होत्या,
म्हणजे स्वारी गंगावेशीत, कट्ट्यावर, हातात दुधाचा पेला.
सोमवारी गवंडी इराप्पा कागलला अडकला.
गुरुवारी फुटबॉल.
पेठेचा सामना सोडून थापी धरणारा
कोल्हापुरात अजून जन्मायचाय.
दरम्यान स्वयंपाकघराच्या भिंतीवर ओल उमटली,
मालन म्हणते, राधानगरीच्या तलावाच्या आकाराची.
रोज थोडी भरते.
त्याला चहा द्यायचा नाही, असं तिनंच ठरवलं होतं.
आला तेव्हा आलं घालून तिनंच दिला.

चहा पिऊन त्यानं काम केलं ते एवढंच:
सांध्यात बोटानं पांढरं सिमेंट भरलं,
अंगठ्यानं दाबून पुसलं,
वरून ओलं फडकं फिरवलं.
"बगा. हाय का काय?"

तो अंगठा मी ओळखला.

सत्त्याऐंशीचा मार्च.
पंपाची एकशेवीस केसिंगं रात्रीच्या ट्रकनं जायची होती,
माणसं कमी, म्हणून मलाही घासकामाला उभं केलेलं.
एका केसिंगमध्ये करंगळीचं टोक जाईल एवढी पोकळी निघाली.
भट्टी निवलेली. मालक फोनवर, ट्रकवाला दारात.
लोखंडाचा भुगा, लुकण.
अंगठा.
वरून निळा रंग.
तपासनिसानं टिचकी मारली, कान लावला,
"चांगलं वाजतंय," म्हणाला.
पलूसकडं कुठंतरी गेलं ते.
कुणाच्या विहिरीवर बसलं, किती उन्हाळे टिकलं,
मला कुणी कळवलं नाही.
मीही कधी विचारलं नाही.

म्हणून वरुट्याला सोडलं, असं नाही.
साडेसात हजार राखून ठेवलेत, पोह्यांच्या डब्यात.
फरशी उखड, उतार काढ, मग ने.
हे मी त्याला सांगितलं,
फक्त आवाज चढायला हवा होता तेवढा चढला नाही,
आणि ते त्यानं बरोबर टिपलं.
ह्या माणसाला उतार कळत नाही असं कोण म्हणेल?
"काका," जाताना चपला शोधत म्हणाला,
"तुमी लई बारीक बगता."

आज अंघोळ झाल्यावर वायपर घेतला,
पाणी चार सूत चढावर ढकलत नेलं.
निम्मं गेलं.
निम्मं जाळीच्या तोंडाशी जाऊन माघारी वळलं,
माझ्या पायांवरून.

तेवढ्यात फोन.
"निघालोय काका, वाटंवरच हाय."
ह्या वेळी मागं म्हशी नव्हत्या.
छिन्नीवर हातोडा पडत होता,
कुणाची तरी फरशी निघत होती.
कुणाची, ते विचारेपर्यंत
त्यानं फोन ठेवला.